आधी पाणी, मग मासा

पाणी नितळ होतं आणि त्यातले मासे गुदमरत होते. ठाण्यातल्या माझ्या एका मित्राने शंभर लिटरची टाकी घेतली, दुकानातून आणलेलं सागरी मीठ नळाच्या पाण्यात विरघळवलं, खारेपणा मोजला आणि दुसऱ्याच दिवशी दोन क्लाउनफिश आणि तीन निळे डॅमसेल टाकीत सोडले. आठवडा सरायच्या आत मासे वर येऊन भराभर कल्ले हलवू लागले. त्यांचं खाणं सुटलं. त्याने घाबरून फोन केला तेव्हा पहिला प्रश्न मिठाचाच होता: कमी पडलं असेल का? मीठ नेमकं होतं, लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास. टेस्ट किटने तपासल्यावर निघाला तो अमोनिया, सुमारे २ पीपीएम. एवढ्या प्रमाणात तो डोळ्यांना दिसत नाही आणि त्याचा वासही येत नाही.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. तळाशी राहिलेलं खाणं कुजतं, त्यातूनही तोच तयार होतो. रुळलेल्या टाकीत दगडांवर आणि वाळूत जिवाणूंची वस्ती असते. त्यातला एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट बरंच कमी घातक असतं आणि पाणी बदललं की आटोक्यात राहतं. नव्या टाकीत ही वस्ती जवळजवळ नसतेच, आणि हे जिवाणू फार सावकाश वाढतात. त्यांना पुरेसं बस्तान बसवायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

गोड्या पाण्यातले मासे वर्षानुवर्षं सांभाळलेली माणसंही इथे फसतात, आणि त्याला रासायनिक कारण आहे. अमोनिया पाण्यात दोन रूपांत राहतो. त्यातलं अमोनियम हे रूप माशाला बरंच कमी बाधतं. पाण्याचा पीएच जसा चढतो तसा विषारी अमोनियाचा वाटा वाढतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो. पीएच ७ च्या गोड्या पाण्याशी तुलना केली, तर एकूण अमोनिया तेवढाच असूनही विषारी भाग दहापटीहून जास्त भरतो. त्यात भर म्हणजे खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो.

अशा वेळी पहिला उपाय पाणी बदलणं. निम्मं पाणी बदललं की २ पीपीएमचा अमोनिया १ वर येतो, पुन्हा निम्मं बदललं की अर्ध्यावर. नवं पाणी आधी काही तास पंप लावून नीट घोळलेलं हवं; त्याचं तापमान आणि खारेपणा टाकीशी जुळलेला हवा. माशांचं खाणं एक-दोन दिवस बंद ठेवावं आणि वेव्हमेकरचा, म्हणजे पाणी खेळतं ठेवणाऱ्या पंपाचा, प्रवाह पृष्ठभागाकडे वळवावा. जिवाणूंच्या बाटल्या पुढे मदत करतात, पण मासा धापा टाकत असताना त्यांच्यावर विसंबू नये. मित्राच्या टाकीतले दोन डॅमसेल गेले. उरलेले मासे एका ओळखीच्यांच्या रुळलेल्या टाकीत हलवले, म्हणून वाचले.

टाकी तयार करण्यासाठी आधी काटक डॅमसेल सोडायचे, हा जुना प्रघात आहे आणि तो मोडायला हवा असं मला ठामपणे वाटतं. काटक माशालाही अमोनिया जाळतोच. शिवाय जगला-वाचला तर तो हद्दीसाठी पुढच्या प्रत्येक माशावर तुटून पडतो. माशांऐवजी अमोनियम क्लोराइडचं मोजलेलं द्रावण घालून पाण्यात २ पीपीएम अमोनिया आणावा आणि तपासत राहावं. तेवढा अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊ लागले, की टाकी पहिल्या माशासाठी तयार झाली. पहिला म्हणजे एक, फार तर क्लाउनफिशची एक जोडी. पुढचा मासा आणण्याआधी दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत.

इंडोनेशियातले ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये समुद्रातले जिवंत खडक टाकीत ठेवून ती राखायची पद्धत जगापुढे मांडली. त्या खडकांसोबत जिवाणू आयते येतात. आपल्याकडे मात्र किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणायचा विचारही करू नये. सगळी कठीण प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि समुद्रघोडेसुद्धा. सच्छिद्र कोरडे खडक किंवा सिरॅमिकचे तुकडे पुरतात. फक्त त्यांच्यावर वस्ती शून्यापासून उभी राहते, तेव्हा सवड जास्त द्यावी लागते.

समुद्र जवळ असताना मीठ विकत का घ्यायचं, असं मुंबई-ठाण्यात हमखास विचारलं जातं. शहराजवळच्या समुद्रात सांडपाणी मिसळतं, म्हणजे अमोनिया तिथूनच घरी येतो. शिवाय पावसाळ्यात किनाऱ्यालगतचा खारेपणा उतरतो. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं. बोअरच्या पाण्यात नायट्रेट आणि सिलिकेट असू शकतं, आणि घरातल्या पिण्याच्या आरओत बऱ्याचदा क्षार मुद्दाम परत मिसळलेले असतात. म्हणून आरओच्या पुढे उरलेसुरले क्षार धरून ठेवणारं डीआय रेझिन लावून टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्यावर आणलेलं पाणी घ्यावं. बाष्पीभवनात फक्त पाणी उडतं, मीठ टाकीतच राहतं. त्यामुळे रोजची घट बिनमिठाच्या पाण्यानेच भरायची. मित्र ती खाऱ्या पाण्याने भरत होता.

मे महिन्याची तजवीज आधीच करावी. टाकी २५ ते २७ अंशांवर ठेवायची तर बंद खोलीत चिलर लागतो, निदान पृष्ठभागावर पंखा. वीज गेली की प्रवाह थांबतो आणि प्राणवायू झपाट्याने घटतो, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असलाच पाहिजे.

काही आठवड्यांत वाळूवर आणि काचेवर तपकिरी थर धरतो. तो डायटम या सूक्ष्म शैवालाचा. हा थर दिसला की पुष्कळ जण सगळा खडक बाहेर काढून नळाखाली घासतात. क्लोरिनच्या पाण्यात महिनाभर जोपासलेली वस्ती मरते आणि अमोनिया पुन्हा चढतो. काच पुसावी, खडक जागच्या जागी राहू द्यावेत. सिलिकेट संपलं की बहुतेक वेळा डायटम आपोआप ओसरतात.