पुस्तक मिटल्यावर काय उरतें?

कपाशीची वेचणी संपत येते, हरभरा सोंगणीस येतो, आणि त्याच दिवसांत आमच्या फर्दापूरच्या घराघरांत दहावीच्या परीक्षेची चिंता शिरते. कित्येक घरांतून मूल दहावीपर्यंत पोहोंचण्याची ही पहिलीच वेळ असते. म्हणून अभ्यासाची उजळणी कशी करावी, हा विषय आम्हीं आज पाठासाठीं घेतला आहे.

आमच्या ओळखीच्या एका घरांतील गोष्ट सांगतों. आईबाप रोजानें शेतावर जात. मुलगा रात्रीं अकरा वाजेपर्यंत मोठ्यानें वाचीत बसे. एकच धडा तो पांच पांच वेळां वाची आणि महत्त्वाच्या ओळींखालीं रेघा ओढी. बापाला तें ऐकून धन्यता वाटे. परंतु निकाल लागला तेव्हां गणित व विज्ञान हे दोन्ही विषय राहिले. मुलगा रडत म्हणाला, “प्रश्न वाचतांच तें पान माझ्या डोळ्यांपुढें आलें. डाव्या बाजूस, चित्राच्या खालीं उत्तर आहे, हेंही आठवलें. पण तेथें काय लिहिलें आहे, तें कांहीं केल्या आठवेना.” बाप संतापून म्हणाला, “तुझ्यानें हें होत नाहीं. उद्यांपासून माझ्याबरोबर कामावर चल.”

आम्हीं त्या दोघांना समोर बसवून घेतलें. मुलानें आळस केला नव्हता. त्याची रीत चुकली होती. रीत ठाऊक नाहीं म्हणून एकाही मुलानें शाळा सोडूं नये, एवढ्यासाठींच हा लेख आहे.

ओळख आणि आठवण

बाजारांत एखादा मनुष्य भेटतो. चेहरा ओळखीचा वाटतो, पण नांव ओठांवर येत नाहीं. वाचलेला धडा पुनः पुन्हां वाचतांना असेंच होतें. ओळ दिसतांच ‘हें मला येतें’ असें मन म्हणतें. पण ती केवळ ओळख असते, आठवण नव्हे. परीक्षेंत पुस्तक समोर नसतें, म्हणून तेथें आठवणच लागते. आणि आठवण ही आठवण्याच्या सरावानेंच बळावते.

ही केवळ आमची समजूत नव्हे. अमेरिकेंतील रोडिगर व कार्पिके ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनीं एक उतारा दोनदां वाचला. दुसरा उतारा त्यांनीं वाचून बाजूस ठेविला आणि आठवेल तेवढा लिहून काढिला. ज्यांची परीक्षा पांच मिनिटांनीं घेतली त्यांना दोनदां वाचलेला उतारा शेंकडा ८१ आठवला आणि लिहून काढिलेला ७५. परंतु ज्यांची परीक्षा एका आठवड्यानें घेतली त्यांना दोनदां वाचलेला उतारा शेंकडा ४२ च आठवला आणि लिहून काढिलेला ५६. म्हणजे पुनः वाचण्यानें आजचें समाधान होतें, पण पुस्तक मिटून आठवण्यानें पुढचें काम होतें.

विसरण्याचा नियम

जर्मनींतील हर्मान एबिंगहाऊस ह्यांनीं अर्थहीन अक्षरांच्या याद्या पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि ते १८८५ सालीं प्रसिद्ध केले. पाठ केलेलें पहिल्या कांहीं तासांत फार वेगानें विसरतें, पुढें तो वेग मंदावतो, असें त्यांस आढळलें. त्यांनीं आणखी एक गोष्ट पाहिली. तीन दिवसांत वांटून ३८ वेळां म्हटल्यानें जो लाभ झाला, तो एकाच दिवशीं साधावयास ६८ वेळां म्हणावें लागलें. शेतकऱ्यास हें नवें वाटूं नये. महिन्याभराचें पाणी एकाच दिवशीं शेतांत सोडलें तर तें वाहून जातें. पाळीपाळीनें दिलें तर मुळांस पोहोंचतें.

लेण्यांचा दृष्टांत

अजिंठ्याचीं लेणीं आमच्या गांवाजवळच आहेत. तेथील भिंतींवरील चित्रांच्या नकला करण्याच्या कामास रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी १८४४ सालीं लागला आणि त्यानें त्यांत अनेक वर्षें घालविलीं. त्या नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें असतां १८६६ सालीं आग लागून त्यांपैकीं बहुतेक जळाल्या. नंतर मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी ह्यांनीं १८७२ पासून १८८५ पर्यंत पुन्हां नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळ १८८५ च्या लंडनमधील आगींत गेल्या. पुढें १९०९ ते १९११ ह्या काळांत लेडी हेरिंगहॅम ह्यांच्याबरोबर जे तरुण चित्रकार येथें आले, त्यांत नंदलाल बोस होते. अजिंठ्याची रेषा त्यांच्या हातांत उतरली व जन्मभर तेथेंच राहिली. भारताच्या संविधानाच्या मूळ हस्तलिखिताचीं पानें पुढें त्यांनींच आपल्या शिष्यांसह सजविलीं.

नकला करणाऱ्या सर्वांचेच श्रम थोर होते. परंतु विद्यार्थ्यानें एवढें ध्यानांत धरावें कीं, कापडावर उतरलेलें जळूं शकतें, हातांत उतरलेलें हातांतच राहतें. सुंदर अक्षरांत लिहिलेली वही परीक्षेच्या दाराबाहेर ठेवावी लागते. आंत आपल्याबरोबर जें येतें, तेवढेंच आपलें.

उजळणीची रीत

१. धडा एकदां समजून वाचावा. मग पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल तें लिहावें. नंतर पुस्तक उघडून जें राहिलें किंवा चुकलें, तेवढेंच पुनः वाचावें. आठवतांना अडखळलों म्हणून निराश होऊं नये. त्या अडखळण्यांतच स्मरण बळावतें.

२. ज्या दिवशीं धडा झाला त्याच रात्रीं एकदां, मग तिसऱ्या दिवशीं, मग आठवड्यानें, मग महिन्यानें उजळणी करावी. प्रत्येक वेळीं दहा-पंधरा मिनिटें पुरतात.

३. गणित वाचून येत नाहीं. सोडविलेलें उदाहरण झांकून तें स्वतः सोडवावें. एकाच प्रकारचीं वीस उदाहरणें ओळीनें करण्यापेक्षां निरनिराळ्या प्रकारचीं मिसळून करावीं. कारण कोणती रीत कोठें लावावी, हेंच परीक्षेंत ओळखावें लागतें.

४. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्या. बीजगणित व भूमिती ह्यांच्या पत्रिका प्रत्येकीं ४० गुणांच्या व दोन तासांच्या असतात. तितकाच वेळ घ्यावा आणि मोबाईल दुसऱ्या खोलींत ठेवावा.

५. चुकलेल्या उत्तरांची एक निराळी वही करावी. शेवटच्या आठवड्यांत सारें पुस्तक चाळण्यापेक्षां ती वही अधिक उपयोगी पडते.

६. परीक्षेच्या आदल्या रात्रीं जागूं नये. दिवसा शिकलेलें झोपेंत स्थिर होतें, हें शास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे.

आईबापांस व उपदेशकांस

“आम्हांला वाचतां येत नाहीं, आम्ही काय मदत करणार?” असें कित्येक आईबाप म्हणतात. बंधुभगिनींनो, ह्या कामीं वाचतां येण्याची गरज नाहीं. स्वयंपाक चालला असतां मुलीला म्हणावें, “आज काय शिकलीस तें मला समजावून सांग.” ती अडखळली तर थांबावें, उत्तर तिचें तिला शोधूं द्यावें. पंडिता रमाबाईंस त्यांच्या मातोश्री लक्ष्मीबाई पहाटे उठवून तोंडीच शिकवीत. त्या पाठांतराच्या बळावर त्या पुढें विद्वानांच्या सभेंत बोलल्या. आमचे उपदेशकही वचन ऐकतांना पुस्तक आपल्याच हातीं ठेवितात. तीच रीत त्यांनीं आठवड्यांतून दोन संध्याकाळीं मंदिराच्या ओट्यावर शाळेच्या अभ्यासास लावावी, आणि जातिधर्म न पाहतां गांवचीं सर्व मुलें बोलवावीं.

वर सांगितलेल्या मुलाच्या बापास अक्षरओळख नव्हती. तरी तो रोज रात्रीं जेवणानंतर पुस्तक मांडीवर मिटून ठेवी आणि म्हणे, “हं, सांग.” मुलगा अडला कीं बाप पुस्तक त्याच्या हातीं देई आणि पाहून झाल्यावर परत घेई. पुरवणी परीक्षेंत मुलगा दोन्ही विषयांत उत्तीर्ण झाला. गुण फार नव्हते, पण शाळा सुटली नाहीं.

आतां वाचकहो, हें पत्र मिटून पुढील प्रश्नांचीं उत्तरें घरांत कोणाला तरी सांगा. मग उघडून ताडून पाहा.

१. ओळख व आठवण ह्यांत भेद कोणता?
२. उजळणी एकाच दिवशीं न करितां वांटून कां करावी?
३. लेण्यांच्या नकलांवरून विद्यार्थ्यानें काय शिकावें?
४. ज्यास वाचतां येत नाहीं, तो मुलास कशी मदत करील?