चित्रफितींचे संकलन : कामाचा क्रम व नेहमीच्या अडचणी

शाळेत घडणाऱ्या कितीतरी गोष्टी आता मोबाईलवर टिपल्या जातात. स्नेहसंमेलनातील नाटुकले, परिसर-सहलीतील निरीक्षणे, पहिलीच्या मुलाने प्रथमच न अडखळता वाचलेला उतारा, अशा चित्रफिती पुष्कळ शाळांच्या संग्रही असतात. टिपलेले जसेच्या तसे दाखविल्यास पाहणारा कंटाळतो. म्हणून नको तो भाग गाळून हवा तो भाग क्रमाने जोडावा लागतो. या कामास संकलन म्हणतात.

संकलन करणाऱ्या शिक्षकांच्या तक्रारी बहुधा ठरलेल्या असतात. संगणक अडखळतो, काल जोडलेली दृश्ये आज दिसत नाहीत, आवाज व ओठ यांचा मेळ राहत नाही. या तक्रारींची कारणे समजली म्हणजे त्यांपैकी बहुतेक टाळता येतात. येथील विवेचन केडेनलाइव्ह या मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरला धरून केले आहे. त्याच्या निर्मितीस २००२ साली प्रारंभ झाला. ते लिनक्स व विंडोज या दोहोंवर चालते. मूळ तत्त्वे मात्र अशा इतर सॉफ्टवेअरनाही लागू पडतात.

समजा, एका शाळेने गावातील वयोवृद्ध आजींच्या जात्यावरच्या ओव्या चाळीस मिनिटे टिपून घेतल्या आणि शिक्षकाने त्यांतून दहा मिनिटांची चित्रफीत करावयास घेतली. पुढील सर्व मुद्दे हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवून वाचावेत.

१. टाचण म्हणजे पाठ नव्हे

सर्वांत मोठे नुकसान एका गैरसमजामुळे होते. सॉफ्टवेअरमध्ये काम जतन केले म्हणजे चित्रफीतही त्यात जतन झाली, असे पुष्कळांस वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. प्रोजेक्टची फाईल ही शिक्षकाच्या टाचणासारखी असते. ‘कपाटातील अमुक चित्र येथे दाखवावे’ एवढेच टाचणात लिहिलेले असते. चित्र कपाटातच राहते. त्याचप्रमाणे कोणत्या फाईलमधील कोठून कोठपर्यंतचा भाग कोणत्या क्रमाने घ्यावयाचा, एवढीच नोंद प्रोजेक्टमध्ये असते. मूळ फाईल दुसरीकडे हलविली किंवा तिचे नाव बदलले, तर टाचण आहे पण चित्र सापडत नाही, अशी अवस्था होते.

फाईल केवळ हलविली गेली असेल तर घाबरण्याचे कारण नाही. प्रोजेक्ट उघडताच केडेनलाइव्ह हरवलेल्या फाईलींची यादी दाखविते. फाईली ज्या फोल्डरमध्ये असतील तो दाखवून दिल्यास ते त्या शोधून पुन्हा जोडून घेते. परंतु जागा हवी म्हणून मोबाईलवरील मूळ ओव्या पुसून टाकल्या असतील आणि त्यांची प्रत कोठेच नसेल, तर कोणताही उपाय चालत नाही. दहा मिनिटांची तयार चित्रफीत हाती राहिली तरी उरलेल्या तीस मिनिटांतील ओव्या गेल्या त्या गेल्याच. त्या आजींचा आवाज पुन्हा टिपण्याची संधी मिळेलच, असे कोणास सांगता येणार आहे?

२. पूर्वतयारी

कामास आरंभ करण्यापूर्वी एक फोल्डर करावा व त्यात मूळ चित्रण, ध्वनी, छायाचित्रे व तयार चित्रफिती यांचे चार वेगळे कप्पे ठेवावेत. मोबाईलमधील फाईली प्रथम मूळ चित्रणाच्या कप्प्यात उतरवाव्यात, त्या उघडून शेवटपर्यंत चालतात याची खात्री करावी, आणि नावे द्यावयाची ती याच वेळी द्यावीत. नावात दिनांक व विषय असावा. मोबाईल किंवा पेनड्राइव्ह जोडलेला ठेवून थेट त्यावरील फाईलींवर काम करू नये. तो काढताच सर्व दृश्ये नाहीशी होतात.

मूळ चित्रणाची दुसरी प्रत वेगळ्या साधनावर ठेवावी. ती शाळेच्या इमारतीबाहेर असेल तर अधिक चांगले.

जागेचा हिशेबही आधीच करावा. मोबाईल दर सेकंदास १६ मेगाबिट या गतीने टिपत असेल, तर एका मिनिटास १२० मेगाबाइट जागा लागते. म्हणजे चाळीस मिनिटांच्या ओव्यांस ४,८०० मेगाबाइट झाले. डिस्क भरत आली की संगणक मंदावतो व तयार होत असलेली चित्रफीत अर्ध्यावर थांबते.

३. संगणक अडखळल्यास

हजेरी घेताना केवळ गैरहजर मुलांची नावे टिपून ठेवली, तर लिहिण्याचे श्रम वाचतात. परंतु हजर कोण, हे सांगण्यासाठी मूळ यादी पुन्हा पाहावी लागते. मोबाईल असेच करतो. तो अधूनमधून एक पूर्ण चित्र साठवितो व मधल्या चित्रांबाबत केवळ झालेला बदल नोंदवितो. त्यामुळे जागा वाचते, पण संकलनात मधलेच एखादे चित्र दाखविण्यासाठी संगणकास मागील पूर्ण चित्रापासून हिशेब करावा लागतो. जुना संगणक येथे थकतो.

यावर उपाय प्रॉक्सीचा. प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सी सुरू केल्यास सॉफ्टवेअर प्रत्येक फाईलची लहान, हलकी प्रत तयार करते. काम त्या प्रतीवर होते. शेवटची चित्रफीत मात्र मूळ फाईलींवरून तयार होते. चित्रपट फिल्मवर निघत असत त्या काळीही संकलक कामासाठी काढलेल्या प्रतीवरच कात्री चालवीत व मूळ निगेटिव्ह सर्वांत शेवटी कापले जाई. रीत जुनीच आहे.

४. आवाज व ओठ यांचा मेळ नसल्यास

प्रथम चूक कोणत्या जातीची आहे ते पाहावे. आरंभापासून शेवटपर्यंत अंतर सारखेच असेल, तर आवाज तेवढा मागे वा पुढे सरकविला की काम झाले. आरंभी मेळ बरोबर असून पुढे पुढे अंतर वाढत जात असेल, तर कारण वेगळे असते. पुष्कळ मोबाईल दर सेकंदास ठराविक चित्रे न घेता उजेड कमी झाला की कमी चित्रे घेतात. अंधाऱ्या घरात जात्यापाशी केलेल्या चित्रणात हे सहज घडते. अशी फाईल आत घेताना ती संकलनयोग्य स्वरूपात बदलण्याची सूचना केडेनलाइव्ह देते. ती मान्य करावी. बदललेली फाईल मोठी होते, पण चित्रांची गती एकसारखी होते. हा बदल कापाकापीपूर्वी करावा.

५. तयार चित्रफीत निघत नसल्यास

अशा वेळी एकदम दहा गोष्टी बदलू नयेत. एका वेळी एकच बदल करून परिणाम पाहावा. काम नेहमी एकाच ठिकाणी थांबत असेल, तर निम्म्या भागाची चित्रफीत काढून पाहावी. ती निघाली तर दोष दुसऱ्या निम्म्यात आहे. असे निम्मेनिम्मे करीत गेल्यास दोषी तुकडा थोड्या वेळात सापडतो. प्रोजेक्टच उघडत नसेल, तर प्रोजेक्ट मेनूमधून सॉफ्टवेअरने राखलेली आधीची प्रत उघडता येते.

तयार चित्रफीत पेनड्राइव्हवर उतरत नाही, हीही नेहमीची तक्रार आहे. फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर जागा कितीही असली तरी ४ गिगाबाइट वा त्याहून मोठी एक फाईल मावत नाही. एक्सफॅट पद्धतीने तो फॉरमॅट केल्यास ही अडचण राहत नाही. मात्र फॉरमॅट करताना त्यावरील सर्व काही पुसले जाते, हे विसरू नये.

६. समारोप

कामाचा क्रम असा ठेवावा : प्रत काढणे, नावे देणे, सर्व चित्रण एकदा शांतपणे पाहणे, निवड, जोडणी, आवाजाची पातळी, शीर्षके, आणि शेवटी तयार चित्रफीत ज्या पडद्यावर दाखवावयाची त्यावरच ती आरंभापासून अखेरपर्यंत पाहणे. काम संपल्यावर प्रोजेक्ट मेनूमधील ‘अर्काइव्ह’ या सोयीने टाचण व सर्व मूळ फाईली एकत्र साठवून ठेवाव्यात.

संकलनात झालेली चूक दुसऱ्या दिवशी सुधारता येते. मूळ चित्रण गमावले तर सुधारण्यासारखे काही उरत नाही. पुढे आजींची पतवंडे याच शाळेत येतील. त्यांना पणजीचा आवाज ऐकावयास मिळेल की नाही, हे मूळ फाईल जपण्याच्या साध्या सवयीवर अवलंबून आहे.