दागिना आधी स्वतःच्या हाताने उघडून बघा

मला आमवात आहे आणि मला नटायला आवडतं. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या असू शकतात, हे लोकांच्या गळी उतरत नाही. केसपेपरवर ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ लिहिलेलं आहे, आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेट चालू आहे, सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही. तरीही कार्याला जाताना मी ठुशी घालते, कानात कुड्या घालते, नथ घालते. बोटं दुखायला लागली म्हणून हौस गेली पाहिजे, असा नियम कुणी केला?

यावर मी इतके दिवस गप्प होते. पण पाटल्यांच्या प्रकरणात जे ऐकून घ्यावं लागलं, ते माझ्यासारख्या दुसऱ्या कुणाला ऐकावं लागू नये, म्हणून लिहिते आहे.

पाटल्या सासूबाईंच्या. सव्वादोनच्या मापाच्या, भरीव, जुन्या घडणीच्या. लग्न झाल्यापासून मी त्या सणावाराला सहज घालत आले. आजार सुरू झाल्यावर त्या हातात जाईनात. ज्यांना हे दुखणं नाही त्यांना वाटतं, मनगट जाड झालं असेल. मनगटाचा इथे संबंध नसतो. बांगडीचं माप पंजाच्या सर्वांत रुंद भागावर ठरतं, तिथून ती पुढे गेली की मनगटावर सैलच असते. आणि आमवातात सुजतात ते नेमके बोटांच्या मुळाशी असलेले सांधे. अंगठा आत दुमडून, साबण लावून, पंजा दाबून बांगडी चढवायची जी रीत आहे, ती सुजलेल्या हातावर करून बघा म्हणजे कळेल. डोळ्यांपुढे काजवे चमकतात.

म्हणून मी आमच्या नेहमीच्या सराफाकडे गेले. पाटल्या कापून, बिजागरी बसवून, उघडणाऱ्या करून द्या म्हटलं. हात काउंटरवर ठेवून दाखवले. बोटं कशी बाजूला झुकलीत, चिमटीत काही धरता येत नाही, कुलपाची किल्लीही मी दोन्ही हातांनी फिरवते, हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “काकू, तुम्ही काळजीच करू नका. असे आम्ही रोज करतो.” पाटल्या तयार झाल्यावर त्याच्या दुकानातल्या मुलाने त्या माझ्या हातात घातल्या, पेच फिरवला, परत काढल्या. पेचाचं डोकं मोहरीएवढं होतं. मी तिथेच विचारलं, हे मला जमेल का? तो मुलगा म्हणाला, सवयीने जमतं. सराफ मान डोलावत होता.

भाच्याच्या लग्नात त्या मी घातल्या. सकाळी गरम पाण्यात हात शेकून झाल्यावर लेकीने घालून दिल्या. मेचे दिवस, हॉलमध्ये उकाडा, दिवसभर उभं राहणं. संध्याकाळपर्यंत दोन्ही हात टम्म फुगले. सकाळी मनगटावर खेळणाऱ्या पाटल्या रुतायला लागल्या. बिजागरीच्या फटीत कातडी सापडून चिमटा बसत होता. माझ्या अंगात बरीच वर्षं स्टेरॉइड गेलंय, कातडी पातळ झाली आहे, जरा घासलं की काळंनिळं होतं. मी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन पेच फिरवायला लागले. बोटांना त्याचं डोकं लागेचना. पेच कुठल्या बाजूला आहे, फिरतोय की नुसतं बोट घसरतंय, काही समजत नव्हतं. मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं, पण बाहेर सनई चालू होती आणि घरचं कार्य होतं.

तेवढ्यात वन्सं आत आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पाटल्यांकडे बघितलं, आणि खोलीतल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “नटायच्या वेळी बरे चालतात गं तुझे हात. काल पोळ्या लाटायची वेळ आली तेव्हा दुखत होते.”

कुणी काही बोललं नाही. एकीने तर मान हलवली. मला त्या क्षणी दोन गोष्टी लख्ख कळल्या. एक म्हणजे तो पेच माझ्यासाठी बनवलेलाच नव्हता, दुकानातल्या त्या मुलाच्या बोटांसाठी बनवला होता. आणि दुसरी जास्त लागली. वन्सं मला टोचायला म्हणून बोलल्या नव्हत्या, त्यांना ते खरंच वाटत होतं. आजारी बाईने आजारी दिसावं अशी त्यांची अपेक्षा होती. मी केस नीट बांधले, टिकली लावली, पाटल्या घातल्या, म्हणजे माझं दुखणं सोयीचं.

शेवटी धाकट्या भाचीने नेलकटरची पट्टी पेचाच्या खाचेत घालून तो फिरवला आणि माझे हात मोकळे केले. तिने एक शब्द विचारला नाही. तिचे उपकार मी विसरणार नाही.

वन्संना तिथे दिलं नाही ते उत्तर इथे देते. पोळ्या लाटताना दोन्ही मनगटांवर सलग जोर पडतो, तो तासभर पडतो, आणि त्याची शिक्षा दुसऱ्या दिवशी मिळते. नथ घालायला लेकीला अर्धं मिनिट लागतं. या आजारात सकाळचे हात वेगळे, दुपारचे वेगळे. काल जमलं ते आज जमेलच असं नाही आणि आज जमलं म्हणून कालचं खोटं ठरत नाही. शिवाय त्या दिवशी मी नटले होते ते दुसऱ्यांच्या हातांनी. ते कुणी बघितलं नाही.

सराफाकडे परत गेले तेव्हा तो वेगळाच माणूस झाला होता. “आम्ही तुमच्यासमोर उघडून दाखवलं होतं. तुमच्या बोटांत जोर नाही त्याला आम्ही काय करणार?” मी जोर नाही म्हणूनच आले होते, हे त्याला आता आठवत नव्हतं. बिलावर फक्त ‘पाटली दुरुस्ती’ लिहिलेलं. पेच काढून दुसरं काही बसवायचं तर पुन्हा घडणावळ, वर घट. एवढ्या वर्षांचा व्यवहार, पण एकदाही ‘त्रास झाला का’ असं तोंडातून आलं नाही. पाटल्या घेऊन उठले आणि एका जुन्या कारागिराकडून करून घेतल्या. त्याने पेच काढून खटका बसवला: एक चपटी जीभ खोबणीत जाऊन अडकते, बाजूचं बटण अंगठ्याच्या कडेने दाबलं की सुटते. सुटून पडू नये म्हणून छोटी साखळी लावली. त्याने आधी मला नुसत्या पितळी नमुन्यावर खटका दाबायला लावला, आणि मला जमेपर्यंत बटण मोठं करत नेलं.

आता सांगायचं ते सांगते.

कुठलाही दागिना घेताना नक्षी नंतर बघा, आधी तो बंद कसा होतो ते बघा. दुकानदाराने उघडून दाखवला त्याला काही अर्थ नाही. तुम्ही, एका हाताने, बसून, आणि शक्यतो संध्याकाळी हात सुजलेले असताना उघडून बघा. सकाळी अकराला ताजंतवानं होऊन दुकानात जाऊ नका. बांगडीचं मापही सुजलेल्या हाताचं द्या. मोडतोड करून घेत असाल तर बिलावर स्पष्ट लिहून घ्या: खटक्याची, एका हाताने उघडणारी. आधीचं वजन, नंतरचं वजन आणि घट किती धरणार तेही तिथेच. जुनं सोनं देऊन नवा दागिना घेत असाल तर त्यावरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी बघून ‘बीआयएस केअर’ या ॲपवर ताडून घ्या. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तो असावाच लागतो.

गळ्यात काय घालायचं याचं उत्तर आपल्या आज्यांनीच देऊन ठेवलंय. मोहनमाळ, बोरमाळ, पुतळ्यांचा हार हे लांब असतात, डोक्यावरून घालता येतात, मानेमागे हात नेऊन कडी अडकवावी लागत नाही. ठुशीला मागे दोरी आणि गोंडा असतो, पण खांदा वर जात नसेल तर तिथे दुसऱ्याची मदत लागतेच. मी ती बिनदिक्कत मागते. चुंबकाचं लॉक मोत्याच्या हलक्या सरांना छान, जड सोन्याला अजिबात नको, ओढ बसली की सुटतं. पेसमेकर बसवलेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

कानांसाठी फिरकीची कुडी सोडून द्या असं मी म्हणणार नाही. मीही सोडली नाही. फिरकी मोठी करून घेता येते. जड झुमक्यांना मोत्याचा वेल लावा, भार केसांवर जातो, कानाची पाळी ओढली जात नाही. नथ दाबाची घ्या. अंगठ्या मात्र सूज यायला लागली की त्याच दिवशी काढा, उद्यावर ढकलू नका. अडकलीच तर हात थोडा वेळ वर धरा, गार पाण्यात बुडवा, तेल लावा. बोट निळं पडलं किंवा बधिर झालं तर घरगुती उपाय बंद करून सरळ दवाखान्यात जा, तिथे अंगठी कापतात. सोनं पुन्हा जोडता येतं.

ब्लाउजला हूक पुढून घ्या, किंवा हुकांच्या जागी टिचबटणं लावा. निऱ्या आधीच शिवून घेतलेली साडी नेसायला कमीपणा मानू नका. पर्स हातात लटकवू नका, खांद्यावरून आडवी घ्या. चप्पल मऊ तळव्याची. आणि झोप घ्या, औषध चुकवू नका, वगैरे सगळे सांगतातच.

बोटांना आणि मनगटाला आधार देणारे स्प्लिंट बाजारातून अंदाजाने उचलू नका. ते ऑक्युपेशनल थेरपिस्ट मापाने बनवून देतात. मुंबईत केईएम, नायर आणि सायन या पालिकेच्या रुग्णालयांत त्यांचे विभाग आहेत. मनगटाचा पट्टा औषधी रंगाचा असतो, कुठल्याही साडीवर उठून दिसतो, आणि मग प्रत्येक जण तेवढंच बघतो. मी शिंपीणबाईंकडून त्यावर खणाचं कव्हर शिवून घेतलंय, एक हिरवं, एक जांभळं, काठ मनगटावर येईल असं. शिवताना वेल्क्रोची पट्टी झाकली जाऊ देऊ नका, नाहीतर पट्टा नीट बसत नाही. खणाच्या कडा सुटतात म्हणून त्या आत दुमडून घ्या. अस्तर सुती हवं, आणि कव्हर काढून धुता आलं पाहिजे, कारण मे महिन्यात त्यात घाम मुरतो.