लाकडावरील नक्षी आणि तिचे मोल

आपल्या गुडीहत्नूर परिसरात सागवानाची ओळख कोणास करून द्यावी लागत नाही. दुकानाची दारे करावयाची असोत वा देव्हारा घडवावयाचा असो, फळीची लांबी, जाडी, गाठी व भेगा पाहून आपण भाव ठरवितो. परंतु लाकडाचा आणखी एक गुण आहे. तो म्हणजे त्याच्या अंगावरील नैसर्गिक नक्षी. या गुणाचे मोठे मोल देणारा एक ग्राहक म्हणजे गिटार बनविणारा कारागीर. त्याची पारख समजून घेतल्यास, माल कोणताही असो, व्यापाऱ्यास बोध मिळण्याजोगा आहे.

नक्षीचे पहिले कारण करवत होय. ओंडका मध्यापासून सालीच्या दिशेने चिरला तर फळीवर सरळ समांतर रेषा दिसतात. अशी फळी ओलाव्याने कमी फुगते व कमी वाकते. तोच ओंडका वाढीच्या वलयांना स्पर्शून चिरला तर डोंगराच्या शिखरांसारख्या कमानी उमटतात. लाकूड एकच, रूपे दोन.

दुसरे कारण झाडाच्या वाढीत असते. तंतू सरळ न वाढता वाकडे वाढले म्हणजे दुर्मिळ नक्षी निर्माण होते. तिचे मुख्य प्रकार असे :

(१) लहरी नक्षी : तंतू नागमोडी असल्याने आडवे पट्टे दिसतात. मेपल लाकडाची अशी फळी व्हायोलिनच्या पाठीस शतकानुशतके वापरली जात आहे.

(२) गोधडी नक्षी : टाके घातलेल्या गोधडीप्रमाणे पृष्ठभाग फुगीर भासतो. मेपल व महोगनी यांत ती क्वचित आढळते.

(३) पक्षिनेत्र नक्षी : पक्ष्यांच्या डोळ्यांसारखे बारीक गोल ठिपके, हीही मेपलची.

(४) फीत नक्षी : तंतूंचे थर आळीपाळीने उलट दिशांस कललेले असल्याने उभ्या फिती दिसतात, सापेली लाकडात ही विशेष.

आपल्या शिसवीची शोभा मात्र निराळी. तिच्या जांभळट तपकिरी अंगावरील काळसर रेषा या मुख्यत्वे रंगाच्या असतात. अमेरिकेतील मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये ब्राझीलच्या शिसवीऐवजी भारतीय शिसव आपल्या नेहमीच्या गिटारींस वापरण्यास आरंभ केला. २०१७ पासून या जातीच्या लाकडावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये त्यांतून सूट मिळाली.

नक्षीचे मोल किती चढते? गिब्सन कंपनीने १९५८ ते १९६० या काळात लहरी मेपलचा दर्शनी भाग असलेल्या ‘लेस पॉल’ विद्युत गिटारी विकल्या. त्या वेळी त्यांस फारसा उठाव नव्हता. आज त्यांतील एकेकीस लाखो डॉलर मिळतात. बेलीझच्या अरण्यात १९६५ मध्ये तोडलेले महोगनीचे एक झाड दरीत कोसळून कित्येक वर्षे पडून राहिले. पुढे त्याची अद्भुत नक्षी प्रकट झाली आणि त्याच्या फळ्या गिटारकारांनी अमोल मानल्या.

परंतु नक्षी म्हणजे नाद नव्हे. स्पेनचा थोर कारागीर अंतोनियो दे तोरेस याने १८६२ मध्ये एका गिटारीची पाठ व कडा कागदाच्या लगद्याच्या केल्या आणि नादाचे मर्म दर्शनी पातळ फळीत आहे हे दाखविले. ती फळी बहुधा सरळ रेषांच्या स्प्रूस किंवा सीडरची असते. नक्षी पाठीवर शोभते. इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या २०१८ च्या प्रयोगात ५२ वादकांनी सहा निरनिराळ्या लाकडांच्या पाठींच्या गिटारी, लाकूड ओळखता येणार नाही अशा रीतीने, वाजवून पाहिल्या. महाग व स्वस्त लाकडांत त्यांस म्हणण्यासारखा भेद जाणवला नाही. दूर कशास जावे? आपल्या मिरजेच्या ज्या तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले, त्याचा भोपळा मंगळवेढ्याकडील शेतात पिकतो आणि तबली साध्या तुणीच्या लाकडाची असते. भोपळ्यास कसली आली लहरी नक्षी? तरी नाद तेथेच घुमतो.

एक व्यवहारोपयोगी परीक्षा सांगून ठेवतो. रंग देऊन वा छापून बनविलेली खोटी लहर बाजारात येते. फळी उजेडात धरून हळूहळू कलती करावी. खऱ्या लहरीत उजळ पट्टे काळवंडतात व काळे पट्टे उजळतात. खोटी लहर जागच्या जागी राहते.

सौंदर्याचे मूल्य घेण्यात काही गैर नाही. दुर्मिळ वस्तूस चढा भाव मिळणे हा बाजाराचा धर्मच आहे. मात्र सौंदर्य विकताना ते सौंदर्य म्हणूनच विकावे, नादाचे वा बळकटीचे नाव त्यास देऊ नये. ग्राहक एकदा फसतो. पेढीचे नाव मात्र पिढ्यान्‌पिढ्या फिकट होते. ज्याच्या तोंडी मालाचा गुण व दोष दोन्ही सारख्याच सहजतेने येतात, त्याच्या दुकानी ग्राहक पुन्हा येतो.