तापात बरळणं साधं समजू नका

ताप आलेला माणूस एकाएकी वेगळं वागू लागला, तर थेट मोठं हॉस्पिटल गाठा. दादाच्या आजारपणात आम्ही जे भोगलं ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

दादाला ताप होता, डोकं ठणकत होतं. व्हायरल म्हणून गोळ्या सुरू झाल्या. मग तो सारखं ‘काहीतरी करपतंय’ म्हणत स्वयंपाकघरात यायला लागला. गॅस बंद असला तरी बटण पिरगाळून पाहायचा. वहिनीनं चहा पुढे केला, तर म्हणाला, ‘ही किल्ली नको मला.’ शेजारच्या काकूंनी दृष्ट काढायला सांगितलं. एका दवाखान्यात ‘कामाचा ताण आहे’ म्हणून झोपेची गोळी मिळाली. त्याच रात्री त्याला झटका आला.

मोठ्या हॉस्पिटलात ड्युटीवरच्या डॉक्टरांनी आधी एकच विचारलं, ‘ताप आधी, की हे वागणं आधी?’ वहिनीनं सगळा क्रम सांगितला आणि चक्रं फिरली. निदान झालं हर्पिस सिम्प्लेक्स एन्सेफलायटिसचं. ओठांवर फोड आणणारा हा विषाणू क्वचित मेंदूत शिरतो आणि बहुधा कानशिलाच्या आतल्या भागाला सूज आणतो. स्मरणशक्ती, भाषा, वासाची जाण यांचा कारभार तिथून चालतो. तो करपल्याचा वास आणि ते चुकलेले शब्द तिथूनच आले होते.

या आजारावर औषध आहे, पण ते लवकर मिळायला हवं. असायक्लोव्हिर शिरेतून देतात. मोठ्या माणसाला साधारण किलोमागे 10 मिलिग्रॅम, दर 8 तासांनी, 14 ते 21 दिवस. इथे तोंडाने घ्यायच्या गोळ्या पुरत नाहीत. उपचार न मिळाल्यास सुमारे 70 टक्के रुग्ण दगावतात, म्हणून नुसता संशय आला तरी डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करतात. माणूस बरा दिसला तरी कोर्स अर्धवट सोडून घरी नेऊ नका. मूत्रपिंडावर ताण येऊ नये म्हणून सलाईन आणि रक्ततपासण्या चालू असतात.

पाठीतलं पाणी काढायचं म्हटलं की नातेवाईक घाबरतात. मोठ्या माणसात मज्जारज्जू जिथे संपतो, त्याच्या खाली ही सुई जाते. त्या पाण्याच्या पीसीआर तपासणीतून विषाणू कळतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत ती निगेटिव्हही येऊ शकते, मग पुन्हा करावी लागते. सोबत एमआरआय आणि ईईजीचीही मदत होते.

मेंदूज्वराचे सगळेच विषाणू या औषधाला दाद देत नाहीत. 1965 मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडलेला विषाणू वाळूमाशीतून पसरतो आणि मुलांना काही तासांत अत्यवस्थ करू शकतो. जपानी मेंदूज्वर डासांमुळे होतो. या दोन्हींवर विषाणू मारणारं औषध नाही. झटके थांबवणं, श्वास सांभाळणं, मेंदूवरचा दाब कमी करणं हेच उपचार. जपानी मेंदूज्वरावर मात्र लस आहे. जिथे ती सरकारी लसीकरणात आहे, तिथे मुलांचे डोस चुकवू नका.

डिस्चार्ज मिळाला म्हणजे आजार संपला असं नाही. दादाला अजून नावं आठवत नाहीत, तो पटकन चिडतो. झटक्यांच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. स्पीच थेरपी, दिवसाची ठरलेली कामं आणि वही यांचा त्याला उपयोग होतो. काही आठवड्यांनी वागणं पुन्हा बिघडलं, तर लगेच न्यूरोलॉजिस्टला दाखवा. कधी कधी शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते, आणि तिचा उपचार वेगळा असतो.

या आजारात रुग्णाला स्वतःचं काही सांगता येत नाही. त्याचं रोजचं बोलणं-चालणं कसं होतं, हे घरच्यांनाच ठाऊक असतं. ताप कधी आला, वागणं कधी बदललं, झटका किती वेळ होता, हे कागदावर लिहून न्या. ‘ताप आहे आणि हा नेहमीसारखा वागत नाही, मेंदूला सूज आहे का बघा,’ असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा, आणि कुणी ताणाचं कारण पुढे केलं तरी मागे हटू नका.