औषधयोजना आणि औषधविक्री

रोगनिदान करणाऱ्यानेच औषध द्यावे, ही भारतातील जुनी रीत होय. वैद्य व हकीम आपली औषधे स्वतः सिद्ध करीत. पुढे डॉक्टरांच्या दवाखान्यांतही ही प्रथा टिकली. कंपाउंडर पुड्या बांधून देई, मात्रेच्या खुणांची कागदी पट्टी लावलेल्या बाटलीत मिश्रण भरून देई, आणि तपासणी व औषध यांचे मिळून एकच शुल्क घेतले जाई. रोग्याची यात सोय होती. परंतु औषधाची गरज ठरविणारा आणि त्याच्या विक्रीतून लाभ घेणारा एकच असावा काय, हा प्रश्न त्यातून उद्भवतो.

इतर वस्तूंची गरज ग्राहक स्वतः ठरवितो. रोग्याला मात्र दुसऱ्याच्या निर्णयावर विसंबावे लागते. हे ओळखूनच सिसिलीचा राजा दुसरा फ्रेडरिक याने तेराव्या शतकात वैद्यांना औषधविक्रेत्यांशी भागीदारी करण्यास व स्वतःचे औषधांचे दुकान चालविण्यास मनाई केली होती.

केवळ कायद्याने हे विभाजन साधत नाही, असे जपानच्या अनुभवावरून दिसते. तेथे १९५६ मध्ये विभाजनाचा कायदा अमलात आला. परंतु त्यात अपवाद पुष्कळ होते. विम्यातून मिळणारी औषधाची ठराविक किंमत आणि प्रत्यक्ष खरेदीची किंमत यांतील फरक डॉक्टरांना मिळत असे. त्यामुळे जुनी प्रथा चालूच राहिली. १९७४ मध्ये औषधचिठ्ठी लिहिण्याचे शुल्क बरेच वाढविण्यात आले व त्यानंतर हळूहळू बदल घडू लागला. दक्षिण कोरियाने जुलै २००० मध्ये सक्तीचे विभाजन केले, तेव्हा डॉक्टरांनी संप पुकारले आणि शासनाला वैद्यकीय शुल्कात वाढ करावी लागली. सल्ल्याचे मोल अपुरे असेल, तर ती उणीव औषधातून भरून काढली जाते, हेच या दोन्ही उदाहरणांवरून स्पष्ट होते.

याला दुसरी बाजूही आहे. जेथे औषधाचे दुकान दूर असते, तेथे विभाजनाचा भार रोग्यावरच पडतो. म्हणून इंग्लंडच्या ग्रामीण भागात दुकानापासून सुमारे १.६ किलोमीटरहून दूर राहणाऱ्यांना डॉक्टरकडून औषध घेण्याची मुभा आहे. भारतातही १९४८ च्या औषधनिर्माणशास्त्र अधिनियमाने औषध देण्याचे काम नोंदणीकृत औषधनिर्मात्याकडे सोपविताना, डॉक्टरांना स्वतःच्या रोग्यांपुरता अपवाद ठेवला. मात्र तेवढ्या आधारावर त्यांना सर्वांसाठी खुले दुकान चालविता येत नाही.

हा अपवाद खेड्यापाड्यांत आवश्यक आहे. परंतु त्यात एक धोका आहे. निनावी पुडीतून मिळालेले औषध कोणते, हे रोग्याला कळत नाही. ते बाधले, किंवा पुढे दुसऱ्या डॉक्टरकडे जावे लागले, तर आधी काय घेतले होते हे त्याला सांगता येत नाही. उलटपक्षी, औषधचिठ्ठी दुकानात गेली म्हणजे स्वार्थ संपला असेही नाही. दुकानदाराकडून डॉक्टरला दलाली मिळत असेल, तर विभाजन नावापुरतेच उरते.

तेव्हा औषध कोणाच्या हातून मिळते, एवढ्यावर या प्रश्नाचा निकाल लागत नाही. डॉक्टरची प्राप्ती औषधाच्या प्रमाणावर अवलंबून नसावी, आणि औषधाचे नाव व मात्रा रोग्याला लेखी मिळावी. या दोन अटी पाळल्या गेल्या, तर दुर्गम गावातील डॉक्टरने स्वतः औषध देण्यास हरकत नाही. त्या मोडल्या गेल्या, तर शहरातील विभाजनही रोग्याचे रक्षण करू शकत नाही.