हट्ट, जिद्द आणि ‘पर्व्हर्स’

इंग्रजीत ‘पर्व्हर्स’ असा एक शब्द आहे. चूक दिसत असूनही मुद्दाम तिलाच चिकटून राहणाऱ्या माणसाला तो लावतात. मूळ लॅटिन ‘व्हर्तेरे’, म्हणजे वळणे. सरळ वाट सोडून भलतीकडे वळला तो पर्व्हर्स. भाषाशास्त्रज्ञ या धातूचे नाते संस्कृत ‘वृत्’ धातूशी जोडतात. म्हणजे आपले ‘वृत्ती’, ‘परावर्तन’ हे शब्द त्याचे दूरचे भाऊबंदच म्हणावयाचे.

मराठीत मात्र एवढ्यासाठी एक शब्द पुरत नाही. ‘हट्ट’ हा संस्कृत ‘हठ’वरून आला, हठ म्हणजे बळजोरी. ‘दुराग्रह’ हा ‘ग्रह्’ म्हणजे पकडणे या धातूचा. वाईट गोष्ट घट्ट धरून बसणे. त्याच धातूचा ‘आग्रह’ पंगतीत जिलेबी वाढताना कोणालाच वाईट वाटत नाही! गांधीजींनी १९०८ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत स्वीकारलेला ‘सत्याग्रह’ही याच कुळातला. पकड तीच, धरलेली वस्तू निराळी.

खरे नवल ‘जिद्द’ या शब्दाचे. अरबीत त्याचा अर्थ विरुद्ध, उलट. म्हणजे मूळ कल्पना पर्व्हर्सच्या जवळचीच. हिंदी-उर्दूत ‘जिद्दी बच्चा’ ही तक्रार असते. मराठीत ‘जिद्दी मुलगा’ ही शाबासकी. आमचे इस्लापूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते, कारभार उर्दूत चाले. त्यामुळे दोन्ही अर्थ आमच्या कानांना सारखेच ओळखीचे. तेलुगू बोलणारे हट्टी माणसाला ‘मोंडी’ म्हणतात, आणि बोथट सुरीलाही मोंडीच! मला तर हा शब्द सर्वांत नेमका वाटतो.

आता थोडे वेगळे. राजहट्ट, बालहट्ट आणि स्त्रीहट्ट असे तीन हट्ट आपल्याकडे सांगतात. पुरुषहट्ट कोठे गेला, हे कोणी विचारीत नाही. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. बारावीनंतर पुढे शिकणार म्हटले, तेव्हा वडीलधारी मंडळी ‘पोरीचा हट्ट’ म्हणाली. प्रथम वर्षाचा निकाल लागला आणि तीच मंडळी शेजाऱ्यांना सांगू लागली, ‘पोर जिद्दीची आहे हो!’ मधल्या काळात मी काही निराळे केले नव्हते; रोज अभ्यास करीत होते, एवढेच. शब्द बदलला तो निकालाने. आधी जिद्द म्हणण्याचे धाडस कोणी करीत नाही.

धाकटी बहीण यंदा दहावीला आहे. तिलाही पुढे शिकायचे आहे. तिच्याबाबत घरात सध्या ‘हट्ट’ हाच शब्द चालू आहे.